वेशीबाहेरचे वीरगळ आणि लेखाचा दगड: जीर्णोद्धार आणि रस्ता दोन्ही एकदम आलेत, आधी काय करावे?

गावशीव

वेशीबाहेरच्या मारुतीच्या देवळामागे पाच वीरगळ (पडलेल्या वीरांचे स्मारकदगड) आणि एक सतीशिळा (सती गेलेल्या स्त्रीचा दगड) अशी रांग आहे. तिथून चाळीसेक पावलांवर, ओढ्याच्या काठाला, एक उभा दगड आहे. माथ्यावर कलश, दोन्ही बाजूंना चंद्र-सूर्य, त्याखाली नऊ-दहा ओळींचा नागरी लिपीतला लेख. लेखाखाली काहीतरी कोरलेले आहे, पण तो भाग मातीत गेलाय. वरून फक्त एका जनावराचे कान आणि पाठ दिसते. जमिनीवर उंची साडेतीन फूट, रुंदी दीड फुटाला थोडी कमी, जाडी वीतभर. दगड काळा, अंगावर दगडफूल.

घाई दोन बाजूंनी आहे. देवळाचा जीर्णोद्धार सुरू झालाय आणि समितीच्या मनात वीरगळ घासून पुसून ऑइल पेंट द्यायचा, सिमेंटचा ओटा बांधून त्यात एका ओळीत बसवायचे आणि ओट्याला टाइल्स लावायच्या असे आहे. हेतू चांगला आहे, दगड कुणालाच मोडायचे नाहीत. दुसरीकडे रस्ता रुंदीकरणाची फक्की (आखणीची पांढरी रेघ) पडली आहे आणि लेखाचा दगड त्या फक्कीच्या आत येतो.

विचारायचे ते असे:

१. नोंद कशी केली म्हणजे पुढे अभ्यासकाला ती खरोखर उपयोगी पडेल?
२. साध्या मोबाइलने लेखाचा वाचता येईल असा फोटो कसा काढायचा?
३. हे दगड कुठल्याच संरक्षित यादीत नाहीत. मग कायदा लागू होतो का, आणि अर्ज कुणाकडे?
४. पेंट आणि सिमेंट नको म्हणायचे, तर समितीला त्याऐवजी काय सुचवायचे?
५. दगड हलवावाच लागला तर कसा हलवावा?

---

टाकीचा_घाव

पहिल्या दोन प्रश्नांचे सांगतो. त्याआधी एक गोष्ट. वर्णनावरून ओढ्याकाठचा दगड गधेगाळ दिसतो. वर कलश आणि चंद्र-सूर्य, मधे लेख, खाली गाढव आणि स्त्री, ही गधेगाळाची ठरलेली मांडणी. शिलाहार आणि यादव काळात जमिनीचे किंवा उत्पन्नाचे दान दिले की असा दगड उभा करत. चंद्र-सूर्य म्हणजे ‘आचंद्रार्क’, ते आकाशात असेपर्यंत दान चालावे. खालचे शिल्प म्हणजे शाप: जो हे दान मोडील त्याच्या आईची अशी विटंबना होईल. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही धाक बसावा म्हणून तो चित्रात कोरलेला. ते शिल्प बघून लोक संकोचतात, दगड अपशकुनी मानतात, आणि मग तो कुठेतरी पालथा पडतो. समितीला हे आधीच समजावून सांगा. तुमच्या गावच्या जमिनीचे ते दानपत्र आहे. अलिबागजवळच्या आक्षीचा प्रसिद्ध शिलालेख, ज्याचा शक ९३४ (इ.स. १०१२) असा वाचला गेला आहे, तोही गधेगाळच आहे.

खालचा भाग बघायला कुदळ लावू नका. टोक एकदा लागले की कोरीव कडा गेली. शिवाय दगडाच्या बुडाशी असलेली माती, खापरे, पाचर म्हणून ठोकलेले दगड, यावरूनच तो मूळ जागी आहे की नंतर आणून रोवला हे ठरते.

नोंद. एका दगडाला एक पान आणि एक क्रमांक. वी-१ ते वी-५, स-१, ग-१ असे क्रमांक द्या, पण ते कागदावर. दगडावर खडूनेसुद्धा लिहू नका. प्रत्येक पानावर एवढे हवेच:

– गाव, तालुका, जागेचा गट नंबर, जवळची खूण आणि तिथून टेपने मोजलेले अंतर. मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश दशांश अंशात, पाच घरांपर्यंत. झाडाखाली मोबाइल दहा-पंधरा मीटर इकडेतिकडे दाखवतो, म्हणून उघड्या आकाशाखाली तीनदा घ्या आणि जुळतात का बघा.
– जमिनीवरची उंची, रुंदी आणि जाडी सेंटिमीटरमध्ये. रुंदी वर, मधे, खाली अशी तीन ठिकाणी.
– दगडाचे तोंड कुठल्या दिशेला आहे.
– दगड कसला (बेसाल्ट, जांभा), उभा, कललेला की पडलेला, कुठे तडा, कुठे टवका, शेंदूर किंवा रंग किती भागावर.
– गावात त्याला काय म्हणतात, त्याची पूजा होते का, कधी होते.

या शेवटच्या ओळीला लोक हसतात, पण ती नीट भरा. ‘वीराचा दगड’, ‘म्हसोबा’, ‘मुंजा’ ही नावे आणि यात्रेतला त्या दगडाचा मान पुढच्या पिढीत पुसला जातो. दगड मात्र राहतो.

वीरगळ खालून वर वाचायचा असतो. बहुतेक वेळा तळाच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर, तिच्यावर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्याच्यावर शिवलिंगाची पूजा आणि माथ्याला कलश. तळाच्या चौकटीत गाई असतील तर वीर गोधन सोडवताना पडला. वाघ किंवा डुक्कर असेल तर मरण शिकारीतले. म्हणून नुसते ‘युद्धाचा प्रसंग’ असे लिहून सोडू नका. माणसे किती, घोडा आहे का, ढाल गोल की लांबट, हातात तलवार की भाला, गाई किती, हे मोजून लिहा. सतीशिळेवर कोपरात वाकलेला हात, मनगटात बांगड्या, उघडा पंजा आणि चंद्र-सूर्य असतात; हात डावा की उजवा आणि बांगड्या किती तेही लिहा.

फोटो. प्रत्येक दगडाचा समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, माथ्याचा, प्रत्येक चौकटीचा वेगळा, आणि दहा पावले मागे जाऊन परिसरासह एक. चौकटीत मोजपट्टी दिसलीच पाहिजे; शाळेची तीस सेंटिमीटरची पट्टी चालेल. ती दगडाला टेकवू नका, शेजारी त्याच पातळीवर धरा. मोबाइल दगडाच्या पृष्ठाला अगदी समांतर हवा, वरून वाकून काढला तर चौकटी तिरक्या येतात.

लेख. दुपारच्या उन्हात समोरून काढलेल्या फोटोत लेख कधीच लागत नाही. अक्षर दिसते ते खोबणीतल्या सावलीमुळे, म्हणून प्रकाश तिरपा हवा. संध्याकाळी अंधार पडल्यावर जा. मोबाइल स्टँडवर पक्का बसवा, स्क्रीनवर बोट दाबून फोकस आणि उजेड दोन्ही बांधून ठेवा, फ्लॅश बंद. मग एकाने मोठी बॅटरी दगडापासून तीनचार फुटांवर, पृष्ठाला जवळजवळ चिकटून जाईल अशा कोनात (१०-१५ अंश) धरायची आणि घड्याळाच्या काट्यासारखी फिरवत जायची: बारा, दीड, तीन, साडेचार असे आठ फोटो. कॅमेरा तसूभरही हलता कामा नये. काना दिसतो तो आडव्या प्रकाशात, शिरोरेघ दिसते ती वरून येणाऱ्या प्रकाशात. एकाच फोटोत दोन्ही मिळायची नाहीत. नंतर दोन-दोन ओळींचे जवळून फोटो, शेजारच्या फोटोवर एक ओळ परत येईल असे.

अक्षरांत खडू, पिठी, रांगोळी, शेंदूर, तेल काहीही भरायचे नाही. बेसाल्टच्या बारीक छिद्रांत बसलेली खडूची पूड निघत नाही. त्याहून मोठा घोटाळा म्हणजे तुम्ही अक्षर नव्हे, तुमचा अंदाज रंगवता. एकदा ‘च’चा ‘व’ रंगवला की पुढचा प्रत्येक माणूस ‘व’च वाचतो.

वाचताना एवढे ध्यानात ठेवा: शब्दांत जागा सोडलेली नसते. मात्रा अक्षराच्या डोक्यावर नसून पुष्कळदा अक्षराच्या आधी उभ्या दांडीसारखी असते (पृष्ठमात्रा). ती दांडी कान्यासारखीच दिसते, म्हणून ‘देव’मधला ‘दे’ पहिल्या नजरेला ‘ाद’ असा भासतो आणि आपण ती दांडी मागच्या अक्षराला जोडून बसतो.

---

कागदोपत्री

तिसरा प्रश्न. यादीत नाही म्हणजे बेवारस आहे असे नाही.

१९७२च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्यात शंभर वर्षांहून जुने दगडी शिल्प आणि शिलालेख ‘पुरावशेष’ ठरतात, मग ते कुणाच्याही जमिनीत असोत. त्यांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाहीत. काम करताना जमिनीतून दहा रुपयांहून जास्त किमतीचे काही निघाले (नाणी, मूर्ती, ताम्रपट), तर १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे असते. जेसीबीवाल्याला आणि मुकादमाला हे खोदाईआधी सांगून ठेवा.

लोक नेहमी घोटाळा करतात तो शंभर मीटरचा. शंभर मीटर बांधकामबंदी आणि त्यापुढे दोनशे मीटर नियंत्रित क्षेत्र हा नियम केंद्राच्या १९५८च्या कायद्याखालील, २०१०च्या दुरुस्तीनंतरचा आहे आणि केंद्र संरक्षित स्मारकांना लागू होतो. तुमच्या दगडांना तो लागू नाही. अर्जात तो लिहिलात तर समोरचा अभियंता पहिल्याच ओळीवर अर्ज बाजूला ठेवेल. राज्याचा कायदा १९६०चा. त्याखाली संरक्षण मिळवायचे तर आधी राजपत्रात प्राथमिक अधिसूचना, मग हरकती, मग अंतिम अधिसूचना. हे काम वर्षानुवर्षांचे आहे, ते जरूर सुरू करा, पण रस्ता त्यासाठी थांबणार नाही.

म्हणून आत्ता करायचे ते गावपातळीवर:

पहिले, ग्रामसभेचा ठराव. ‘प्राचीन अवशेष जतन करावेत’ असा मोघम ठराव कुणाच्याही कामाचा नसतो. ठरावात दगडांची संख्या, टाकीचा_घाव यांनी सांगितलेले क्रमांक, प्रत्येकाची मापे, गट नंबर आणि ‘दगड आहेत त्या जागी ठेवावेत, पुरातत्त्व विभागाच्या पाहणीशिवाय हलवू, रंगवू किंवा बांधकामात घेऊ नयेत’ हे वाक्य हवे. फोटो परिशिष्ट म्हणून जोडा आणि ग्रामपंचायतीच्या स्थावर मालमत्तेच्या नोंदवहीत दगडांची नोंद घ्यायला सांगा. चोरी झालीच तर फिर्याद देताना ही नोंद आणि हे फोटो हाताशी असतात.

दुसरे, अर्ज. राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या तुमच्या विभागाच्या सहायक संचालकांना. प्रती जिल्हाधिकारी, तहसीलदार, गटविकास अधिकारी आणि रस्त्याच्या कामाचे कार्यकारी अभियंता यांना. प्रत्येक ठिकाणी आवक क्रमांक घ्या. मागण्या तीनच ठेवा: स्थळपाहणी, लेखाचे वाचन, आणि पाहणी होईपर्यंत दगडाजवळच्या वीस मीटर पट्ट्यात खोदकाम थांबवणे. संपूर्ण रस्ता अडवायची मागणी केली की गाव दोन तट होते आणि दगड मधल्यामधे जातो.

तिसरे, अभियंत्याशी बोलणे. आखणी कागदावर असते तोवर गटाराची रेघ मीटर-दीड मीटर सरकवणे अवघड नसते. खडी पडल्यावर तेच बोलणे निरर्थक. फक्की पडली आहे म्हणता, तर या आठवड्यातच भेटा. त्यांना हाताने काढलेला साधा नकाशा द्या: रस्त्याची मध्यरेषा, फक्की, दगड, आणि टेपने मोजलेली अंतरे.

लेखाचा कागदी ठसा स्वतः घ्यायच्या भानगडीत पडू नका. ओला कागद ब्रशने ठोकून बसवणे आणि त्यावर शाई देणे हे सरावाचे काम आहे. कागद फाटला तर शाई थेट दगडात उतरते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची पुराभिलेख शाखा संस्कृत आणि द्राविडी लेखांसाठी म्हैसूरला आणि अरबी-फार्सी लेखांसाठी नागपूरला आहे. जवळच्या विद्यापीठातला पुरातत्त्व किंवा इतिहास विभागही विचारून बघा.

एक विनंती. सुट्या, माणसाला उचलता येतील अशा मूर्तींचे अक्षांश-रेखांश समाजमाध्यमांवर टाकू नका. गावाचे नाव पुरे.

---

चुना_घाणी

पेंट आणि ओटा. समितीशी बोलताना ‘करू नका’ एवढेच सांगितले तर बोलणे तिथेच संपते. कारण सांगा आणि पर्याय हातात द्या.

सिमेंट का नको. सिमेंटमध्ये पाण्यात विरघळणारे क्षार असतात. पावसात ओटा पाणी धरतो, ते पाणी दगडात वर चढते, उन्हाळ्यात बाहेर पडून वाळते आणि क्षार दगडाच्या कातडीखाली खड्यांसारखे जमतात. खडे फुगले की कातडी सुटते. सिमेंटात बसवलेला कुठलाही वीरगळ चार-पाच पावसाळ्यांनी जाऊन बघा. ओट्यापासून चार बोटे वर पांढरी रेघ आलेली असते आणि तिच्याखाली घोड्याच्या खुरांवर बोट फिरवले की करडी पूड बोटाला लागते. नेमकी तळाची चौकट, म्हणजे लढाई, म्हणजे ज्यासाठी दगड उभा केला तोच प्रसंग, आधी जातो. शिवाय ओट्यात बसवताना तळाचा हातभर भाग काँक्रीटमध्ये कायमचा गाडला जातो. टाइल्सने यात भरच पडते, कारण ओट्यातले पाणी टाइल्समधून निघत नाही आणि दगड हा एकच मार्ग उरतो.

ऑइल पेंट का नको. तो दगडावर कातडे चढवतो. दगड आतून ओला, बाहेरून बंद. दोन-तीन उन्हाळ्यांत पेंटचे पोपडे निघतात आणि सोबत दगडाची पापडीही नेतात. बारीक कोरीव काम (बांगड्यांच्या रेघा, घोड्याचा लगाम) रंगाच्या थरात बुजते. एखाद्या दगडाला आधीच पेंट असेल तर थिनर, कॉस्टिक किंवा ग्राइंडर लावू नका. तसाच राहू द्या. ते काम पुरातत्त्वाच्या रसायनशाखेच्या माणसाचे आहे.

अॅसिड तर अजिबात नाही. आपला दख्खनचा बेसाल्ट पुष्कळदा छिद्रांचा असतो आणि त्या छिद्रांत कॅल्साइट आणि झिओलाइट ही खनिजे भरलेली असतात. टाइल्स धुवायचे अॅसिड पडले की कॅल्साइट फसफसून जाते आणि दगडाला देवीचे वण उठल्यासारखे खड्डे पडतात. दगडातले लोखंड सुटून तांबूस डागही येतात. तारेचा ब्रश नको, त्याचे कण दगडात अडकून गंजतात. पाण्याचा फवारा मारणारे मशीनही नको.

साफ करायचेच असेल तर: मऊ नायलॉनचा किंवा नारळाच्या काथ्याचा ब्रश, साधे पाणी, साबण नाही. खालून वर भिजवत जा, म्हणजे ओघळाचे डाग पडत नाहीत. दगडफूल कोरडे खरवडू नका. त्याचे धागे दगडात शिरलेले असतात, ओढले की कण घेऊनच येते. भिजवून अर्धा तास थांबा, बांबूच्या चपट्या काडीने जेवढे सहज सुटेल तेवढेच घ्या. लेखावरचे दगडफूल फोटो होईपर्यंत आणि तज्ज्ञ बघेपर्यंत राहू द्या.

शेंदूर. पूजेतल्या दगडाचा शेंदूर उकरू नका. एक तर श्रद्धेचा प्रश्न, दुसरे म्हणजे शेंदूर हे शिशाचे संयुग आहे, त्याची पूड श्वासात जाणे वाईट. तेलाचे थर घट्ट होऊन कवच कधीकधी आपोआप सुटते. तसे झाले तर लगेच फोटो घ्या आणि कवचाचे तुकडे जपून ठेवा. नवीन शेंदूर चढवू नये यासाठी एक उपाय लोकांना पटतो: वीरगळासमोर छोटा तांदळा (पूजेचा न कोरलेला दगड) किंवा पादुका ठेवायच्या आणि शेंदूर-तेल त्यावर. नारळही वीरगळावर न फोडता समोरच्या वेगळ्या दगडावर.

ओट्याऐवजी काय. दगड आहेत तिथेच ठेवून भोवती सुधारणा करा. दगडापासून हातभर अंतर सोडून चौफेर वीतभर खोल चर, त्यात खडी, आणि चराला ओढ्याकडे उतार. दगडाभोवतीची जमीन दर मीटरला अडीच-तीन सेंटिमीटर बाहेर उतरती करा. मग दगड आणि चर यांच्या मधे मुरूम-वाळू चोपून बसवा. बाहेरून बसायला कट्टा हवाच असेल तर तो दगडापासून किमान दोन फूट लांब, चुन्यात. प्रमाण एक भाग मळलेला जुना चुना, एक भाग सुरखी (विटांची भुकटी), दोन भाग धुतलेली वाळू; निदान आठवडाभर गोणपाट ओले ठेवायचे. ‘थोडे सिमेंट टाकू, लवकर धरेल’ असे गवंडी म्हणेल. मग चुना वापरायचे कारणच उरत नाही.

वर पत्र्याचे छप्पर घालणार असाल तर पागोळी दगडाच्या तोंडावर पडणार नाही एवढे पुढे काढा. अर्धवट छप्पर हे नसलेल्या छपराहून वाईट, कारण सगळ्या पत्र्याचे पाणी एका रेघेत पडते.

हलवणे. हा शेवटचा उपाय, पाहणी आणि पंचनाम्यानंतरच. तुमच्या ग-१चा हिशेब: जमिनीखालचा भाग धरून उंची दीड मीटर समजा, रुंदी ४३ सेंमी, जाडी २० सेंमी. घनफळ ०.१२९ घनमीटर. बेसाल्ट घनमीटरला सुमारे २.८ टन, म्हणजे वजन ३६० किलोच्या आसपास. हे चार माणसांचे काम नाही आणि जेसीबीच्या बकेटचेही नाही. बकेटचे दात आणि लोखंडी साखळी, या दोन गोष्टींनी जितक्या कडा उडतात तितक्या शंभर वर्षांच्या पावसाने उडत नाहीत.

भोवतीची माती हाताने, खुरप्याने, अर्धा मीटर लांबून आत येत काढायची. निघालेली खापरे वेगळ्या पिशवीत, खोली लिहून. दगडाला आधी दोन बाजूंनी लाकडी टेकू, नंतरच बूड मोकळे करायचे. उलटे केले तर दगड तोंडावर पडतो. रुंद नायलॉन पट्टे दोन, एक वरच्या तिसऱ्या भागाला, एक खालच्या, आणि कडांवर गोणपाटाची चौघडी. ट्रॉलीत वाळूचा वीतभर थर, दगड पाठीवर निजवायचा, कोरीव बाजू आकाशाकडे. नव्या जागी रोवताना तोंड त्याच दिशेला, खड्ड्याच्या तळाला खडी. एक बदल मात्र करा: पूर्वीइतका खोल न रोवता खालचे शिल्प आता जमिनीच्या वीतभर तरी वर राहील असे बघा.

मूळ जागेवर रस्त्याच्या कडेला एक साधा दगड पुरून त्यावर ‘ग-१ मूळ स्थान’ कोरून ठेवा. लेखात शेताच्या सीमा दिलेल्या असू शकतात. ओढा, वाट, शेजारचे गाव अशा खुणा त्या जागेवरून मोजायच्या असतात. दगड गेला तरी तो बिंदू हरवू देऊ नका.

---

गावशीव

सर्वांचे आभार. समितीतले दोघे गोणपाट आणि चुन्याचे ऐकून घ्यायला तयार आहेत. अभियंत्यांसाठी नकाशा काढला, दगड फक्कीच्या आत फक्त नव्वद सेंटिमीटर येतो. आणखी दोन प्रश्न. लेखात शकाचा एखादा अंक झडलेला असला तर काळ कसा ठरवतात? आणि फलक लावायचा तर कसा?

---

शालिवाहन

अंक झडला तरी संवत्सराचे (त्या वर्षाचे) नाव शाबूत असले तर बहुतेक काम होते. साठ संवत्सरांचे चक्र प्रभवपासून सुरू होते. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी राहील तो संवत्सराचा क्रमांक (बाकी शून्य म्हणजे साठावा, क्षय).

पडताळून बघा. शिवराज्याभिषेक शके १५९६. १५९६ + १२ = १६०८, साठने भागून बाकी ४८, अठ्ठेचाळिसावा संवत्सर आनंद. बरोबर. वर आक्षीचा उल्लेख आला: ९३४ + १२ = ९४६, बाकी ४६, परिधावी. त्या लेखात ‘प्रधावी’ असेच आहे.

आता उलटे. समजा शक ‘११_३’ एवढाच लागतो आणि संवत्सर प्लव आहे. प्लव पस्तिसावा. ३५ मधून १२ वजा केले की २३, म्हणजे शकाला साठने भागल्यावर २३ उरले पाहिजेत. अकराशेच्या घरात असे दोनच: ११०३ आणि ११६३. दोन्हींचा शेवट तीनने होतो, म्हणजे झडलेला अंक शून्य किंवा सहा. आता बॅटरीचा प्रकाश फक्त त्या अंकावर सगळ्या बाजूंनी टाका: बंद वर्तुळाची खूण की खाली निघालेली शेपटी? जोडीला राजाचे नाव बघा. शके ११६३ म्हणजे इ.स. १२४१, देवगिरीवर सिंघण यादव. शके ११०३ला सिंघणाचे नाव येणे शक्यच नाही.

शकाचे इसवीत रूपांतर करताना सरसकट ७८ मिळवू नका. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८, पुढे फाल्गुनअखेरपर्यंत ७९. आणि सूत्राने एकाच वर्षाचा फरक येत असेल तर लगेच ‘वाचन चुकले’ म्हणू नका, लेखात गत शकाऐवजी (पूर्ण झालेली वर्षे) वर्तमान शक (चालू वर्ष धरून) दिलेला असू शकतो. तिथी आणि वार दिलेले असतील तर जुन्या पंचांगाच्या गणिताने पडताळा होतो. म्हणून वाराचे अक्षर अंकाइतक्याच काळजीने टिपा.

देवळाच्या चौकटीवर किंवा बारवेत मराठेशाहीतला लेख असेल तर शुहूर सन ही तेव्हाची कालगणनाही भेटेल, तो सन अरबी संख्यानामांत असतो आणि एककापासून वाचायचा. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार: ११६१. त्यात ५९९ मिळवले की १७६०. वर्ष मृग नक्षत्राला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी बदलते, म्हणून त्या सनातला जानेवारी १७६१चा, म्हणजे पानिपतचा. इथे डिसेंबरनंतर ६०० मिळवायचे. नवखे लोक इथे भलताच आकडा मिळवतात, कारण हाताशी दुसऱ्याच सनाचे कोष्टक असते. आधी सन कुठला ते ठरवा, मग बेरीज.

लेखाची सुरुवात ‘स्वस्ति श्री’ किंवा ‘सकु’ अशी असते आणि शक बहुधा पहिल्या दोन-तीन ओळींत येतो. तुमच्या दगडाच्या वरच्या तीन ओळींचे फोटो इथे टाका, आठही दिशांचे. कमी करून नको, मूळ फाइल.

---

कागदोपत्री

नव्वद सेंटिमीटर असेल तर अभियंत्यांकडे जाताना गटार दगडाच्या रस्त्याकडच्या बाजूने वळवण्याचा पर्यायही नकाशावर काढून न्या. आणि गटाराचा उतार दगडाकडे येत नाही ना ते बघा, नाहीतर दगड वाचेल आणि कायम पाण्यात राहील.

फलक दगडावर किंवा ओट्यावर नाही, दोन मीटर बाजूला, स्वतःच्या खांबांवर. फोटो काढताना चौकटीत येणार नाही अशा बाजूला. फ्लेक्स दोन उन्हाळ्यांत पांढरा पडतो; कोरलेला कडाप्पा किंवा अक्षरे खोदलेला स्टीलचा पत्रा घ्या. पत्रा तिरका, खालची कड जमिनीपासून पाऊण मीटरवर, म्हणजे मुलांनाही वाचता येतो. मजकूर शंभर शब्दांच्या आत. दिसते ते आधी (चौकटी, चंद्र-सूर्य, लेख किती ओळींचा), मग त्याचा अर्थ. ‘गावात असे सांगतात’ आणि ‘लेखात असे आहे’ ही दोन वाक्ये वेगळी ठेवा. लेखाचे वाचन पक्के होईपर्यंत फलकावर सन आणि राजाचे नाव टाकू नका, स्टीलमध्ये खोदलेली चूक पुन्हा दुरुस्त होत नाही. ‘संरक्षित स्मारक’ हे शब्दही नकोत, अधिसूचना निघालेली नाही. ‘ग्रामपंचायत ठराव क्रमांक अमुक, दिनांक अमुक, हे दगड हलवू किंवा रंगवू नयेत’ एवढी ओळ तळाला टाका.

पंचनाम्याला तलाठी येतील त्या दिवशी मोजपट्टी आणि क्रमांकांची पाने बरोबर ठेवा. पंचनाम्यात तुमचेच क्रमांक आले पाहिजेत.